डिझेलसाहेबांचा काटा

वीस वर्षं बँकेत नोकरी केल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे कोणाला जामीन राहू नये. ह्या विषयावर मी काउंटरच्या आतून शेकडो लोकांना फुकट सल्ला दिलेला आहे. आणि तरीही आमच्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावानं, जुना टर्बो डिझेल ट्रक घ्यायचं काढलं, तेव्हा पतसंस्थेच्या छापील फॉर्मवर ‘जामीनदार क्र. १’ ह्या शब्दांपुढे जी सही पडली ती माझीच. नाही कसं म्हणणार? लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना ह्याच दादानं माझी मान पाण्याच्या वर धरली होती. (ती पाण्याखालीही त्यानंच धरली होती, पण रोजकीर्दीत जमेची बाजू आधी लिहायची असते.)

ट्रक दिसायला झकास होता. नवाकोरा नारिंगी रंग, दारांवर दोन मोर, मागे ‘आईचा आशीर्वाद’. पहिले दोन महिने हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्या महिन्यात, ऐन थंडीत, पहाटे पाच वाजता दादाचा फोन आला. ट्रकमध्ये कांदा भरलेला, आणि गाडी चालू होत नव्हती.

“बॅटरी बघ,” मी म्हणालो. मला मोटारीतलं तेवढंच येतं.

“नवी टाकली. सेल्फ मारला की ‘कट्’ म्हणतो आणि गप्प बसतो. कधी फिरतो, पण दमेकरी जिना चढतो तसा.”

ही सुरुवात झाली. पुढच्या महिनाभरात त्या ट्रकला जे रोग जडले ते कोणत्याही एका डॉक्टरच्या हाताबाहेरचे होते. एक तर तो सकाळी उठत नसे. दुसरं म्हणजे, रात्री तापत असे. भर दुपारी दोन वाजता घाट चढताना तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधे उभा. आणि रात्री थंडगार वाऱ्यात, सपाट रस्त्यावर, हेडलाइट लावल्याबरोबर काटा लालाकडे निघे. ड्रायव्हर बिचारा दर तासाला गाडी बाजूला घेऊन दिवे घालवी आणि बिडी ओढे. बिडी संपेपर्यंत काटा खाली आलेला असे. डिझेलचा काटा तर टाकी भरलेली असो वा कोरडी, कायम अर्ध्यावर. तेलाच्या दाबाचं मीटर तेवढं सरळ वागत होतं, म्हणून त्याच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता.

निदानं भराभर झाली. पंपवाला म्हणाला, पंप खोलावा लागेल आणि सहाही नोझल काढावी लागतील. रेडिएटरवाल्यानं रेडिएटर धुतला. कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून फेकून दिला. शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरनं ‘टर्बो गेला’ असं खाली न वाकता सांगितलं. हे सगळं चाललं असताना पतसंस्थेचं एक पत्र दादाला आणि त्याची प्रत मला आली. प्रत कोणाला जाते हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. माझ्या मुलीच्या क्लासची फी त्याच आठवड्यात भरायची होती. पत्र वाचून आमची मंडळी काहीच बोलली नाही. ते फार वाईट.

जामीनदाराला हप्ता भरता येतो, इंजिन चालू करता येत नाही. म्हणून मी मला येणारी एकच गोष्ट केली : वाचनालयात गेलो. एखादं खातं जुळत नसेल तर आम्ही मागे मागे जातो, कधीकधी थेट पहिल्या नोंदीपर्यंत. डिझेल इंजिनाची पहिली नोंद शोधायला मी निघालो आणि वाचकहो, पहिल्याच नोंदीला माझ्या अंगावर काटा आला. कारण ह्या इंजिनाची पहिल्या दिवसापासून तक्रार हीच होती. चालू होईना, आणि मीटर गेलं!

रुडॉल्फ डिझेल हे माणसाचं नाव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल ह्या भावंडांतलं ते धाकटं, असा माझा समज. तर हे गृहस्थ १८५८ साली पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात जन्मले, म्युनिकला शिकले, आणि त्यांचे गुरू लिंडे ह्यांच्या बर्फ करण्याच्या यंत्रांच्या धंद्यात नोकरीला लागले. दिवसभर बर्फ बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात उष्णतेचे विचार यायचे, हे मी समजू शकतो. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्यांच्या डोक्यातही तसलेच विचार असतात.

त्यांची कल्पना ऐकायला सोपी आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना? हवा दाबली की ती तापते. ती पुरेशी जोरात दाबली, तर इतकी तापेल की आत इंधन सोडल्याबरोबर आपोआप पेटेल. काडी नको, ठिणगी नको. १८९२ च्या फेब्रुवारीत त्यांनी पेटंटचा अर्ज केला, आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप ह्या बड्या मंडळींनी पैसा घातला, आणि १८९३ च्या उन्हाळ्यात पहिलं इंजिन उभं राहिलं.

ते स्वतःहून चालत नव्हतं. कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा लावून त्याला फिरवावं लागे. म्हणजे जगातलं पहिलं डिझेल इंजिन जन्मापासून धक्का-स्टार्टवर होतं. १० ऑगस्ट १८९३ ला त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. इंधनही डिझेल नव्हतं, पेट्रोलच्या जातीचं होतं. ते सोडताच आत असा धडाका उडाला की सिलिंडरमधला दाब मोजण्यासाठी वर बसवलेलं मीटर फुटलं आणि त्याचे तुकडे जमलेल्यांच्या डोक्यांवरून गेले. दाब ऐंशी वातावरणांच्या घरात गेला होता म्हणतात.

आपण काय केलं असतं? मी तर रजेचा अर्ज टाकला असता. डिझेलसाहेब मात्र खूश! कारण ठिणगीशिवाय इंधन पेटतं, एवढं सिद्ध झालं होतं. मीटर गेलं ते गेलं.

मग दुरुस्त्या, फेरदुरुस्त्या. १७ फेब्रुवारी १८९४ उजाडला. पट्टा लावून इंजिन नेहमीप्रमाणे फिरवलं जात होतं. साहेब स्वतः निरीक्षण करत होते, पण त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते जवळ उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या. पट्ट्याची जी बाजू ताणलेली असायला हवी ती सैल पडली आणि सैल बाजू ताणली गेली, हे त्यानं पाहिलं. म्हणजे शाफ्ट इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन शाफ्टला ओढत होतं. त्या मिस्त्रीनं मुकाट्यानं डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा कुठे साहेबांना कळलं की आपलं इंजिन चालू झालं आहे! जेमतेम एक मिनिट चाललं, मिनिटाला ८८ फेरे. आमच्या बँकेतला पंखा ह्याहून जास्त फिरतो, अर्थात व्होल्टेज असेल तर.

ही गोष्ट मी दादाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, “मिस्त्री कुठला म्हणालास? अजून आहे का?”

आणखी तीन वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, म्हणजे १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकच्या श्र्योटर नावाच्या प्राध्यापकांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. जळलेल्या इंधनातल्या शक्तीपैकी २६.२ टक्के कामाला आली. आज हा आकडा नापासाचा वाटतो. पण त्या काळी वाफेच्या चांगल्या इंजिनाला दहा-बारा टक्क्यांवर समाधान मानावं लागे. इंजिन पहिल्या वर्गात आलं. विक्रीतलं पहिलंवहिलं इंजिन मग केंप्टन गावी एका कारखान्यात गेलं. कारखाना कशाचा? काड्यापेट्यांचा! काडी न लावता पेटणारं इंजिन काड्यापेटीवाल्यांनीच घेतलं, आणि तिथं जाऊन ते रुसूनही बसलं.

आता मीटरचं पाहू. कारण ट्रकमधली माझी निम्मी कर्मकथा काट्यांची होती.

दाबाचं मीटर डिझेलसाहेबांहून जुनं. १८४९ साली पॅरिसच्या युजेन बुर्दों ह्यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यात एक वेटोळी नळी बनवताना ती चेपली गेली. ती फुगवून पुन्हा गोल करावी म्हणून आत पाण्याचा दाब दिला, तर नळी फुगता फुगता वेटोळं सोडून सरळ व्हायला लागली. दुसरा कोणी असता तर कामगारावर ओरडला असता. बुर्दोंनी त्या नळीच्या टोकाला काटा जोडला. जितका दाब जास्त, तितकी नळी सरळ, तितका काटा पुढे. ह्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. बॅरोमीटर बनवणारे व्हिदी नावाचे गृहस्थ ‘ही माझीच कल्पना’ म्हणून वर्षानुवर्षं भांडले, आणि जिंकलेही. पण नळी अजून तीच आहे. दादाच्या ट्रकमधलं तेलाचं मीटर त्याच घराण्यातलं निघालं. इंजिनाकडून एक बारीक नळी सरळ केबिनमध्ये येते, मधे वीज नाही, तार नाही. बाकीचे काटे विजेचे. हे मी वहीत टिपून ठेवलं. का टिपलं हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

ट्रकपर्यंत यायला डिझेल इंजिनाला बराच काळ लागला. सुरुवातीच्या इंजिनात इंधन फवारायला दाबलेली हवा लागे, त्या हवेला कॉम्प्रेसर लागे, आणि तो सगळा संसार ट्रकवर चढवला तर माल ठेवायला जागा उरत नसे. जर्मनीत डिझेलचे ट्रक १९२३-२४ च्या सुमारास रस्त्यावर आले, आणि बॉशचा इंधनपंप १९२७ पासून मिळू लागल्यावर त्यांची चलती झाली. ओव्हरसियरसाहेबांच्या त्या टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्युखी ह्या स्विस इंजिनियरची, १९०५ सालची. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. वाया जाणाऱ्या पैशातून व्याज मिळवण्यासारखाच हा प्रकार, म्हणून मला तो चटकन कळला. पण पेटंटानंतर वीस वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. १९२६ च्या आसपास दोन जर्मन प्रवासी बोटींवर तो बसवला, तेव्हा तेच इंजिन १७५० ऐवजी २५०० अश्वशक्ती देऊ लागलं.

इथं माझ्या डोक्यात पहिला प्रकाश पडला. टर्बो धुरावर चालतो. गाडी चालूच झाली नाही तर धूर कुठला? म्हणजे सकाळी गाडी चालू न होण्याशी टर्बोचा संबंध नाही! मी धावत जाऊन हे ओव्हरसियरांना सांगितलं. ते म्हणाले, “कॉमर्सचे ना तुम्ही?”

टर्बो कशानं बिघडतो ह्याचा एक सुंदर दाखला अमेरिकेत आहे. इंडियाना राज्यात कोलंबस नावाच्या गावी क्लेसी कमिन्स हा एका बँकवाल्याचा ड्रायव्हर. त्याला डिझेलचं वेड. त्या बँकवाल्यानं, अर्विन त्याचं नाव, १९१९ साली आपल्या ड्रायव्हरला कारखान्यासाठी भांडवल दिलं आणि वर्षानुवर्षं तो तोटा भरत राहिला. १९२९ च्या नाताळात पैसा आटायच्या बेतात असताना कमिन्सनं एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून मालकाला फिरवून आणलं. फेरी संपली, आणि मालकानं पुन्हा हात सैल सोडला! कारखान्याला पहिला नफा दिसला १९३७ साली. म्हणजे अठरा वर्षं. आमच्याकडे तीन हप्ते चुकले की पत्र निघतं. (ह्याच कमिन्सचं पुण्यात १९६२ पासून किर्लोस्करांबरोबर नातं जुळलं.) तर ह्या कमिन्सची टर्बो लावलेली डिझेल गाडी १९५२ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. सगळे पेट्रोलवाले मागे! एकाहत्तराव्या फेरीला ती बाद झाली. कारण काय, तर टर्बोची हवा घ्यायची वाट खाली, जमिनीलगत होती आणि टायरांच्या रबराच्या चुऱ्यानं ती बुजली. इंजिन ठणठणीत, नाक चोंदलेलं.

डिझेलसाहेबांचं पुढे काय झालं हे वाचायला नको होतं असं मला नंतर वाटलं. १८९८ साली त्यांनी आपले हक्क नव्या कंपनीला पस्तीस लाख मार्कांना दिले. म्युनिकला महाल बांधला. जमिनीत पैसा घातला, तेलाच्या खाणीत घातला, आणि तो बुडत गेला. १९१३ साली आपल्या इंजिनाच्या जन्मकथेचं पुस्तक त्यांनी छापलं आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर जेवण करून, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ते खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी. काही दिवसांनी समुद्रात त्यांचा देह सापडला. निघण्यापूर्वी त्यांनी बायकोजवळ एक बॅग दिली होती, आठवडाभर उघडू नकोस म्हणून. तिच्यात रोख रक्कम होती आणि हिशेबाचे कागद होते. बँकेतली खाती जवळजवळ रिकामी असल्याचं त्यांवरून दिसत होतं. बाहेरच्या जगाला त्यांचा काटा कायम ‘फुल्ल’वर दिसत आला होता.

ते कागद कुठल्या तरी कारकुनानं रोज लिहिले असणार. बेरीज करताना त्याला कळलंच असेल. तो कोणाला काही बोलला असेल का? त्या रात्री मी आमच्या मंडळींपुढे पासबुक ठेवलं आणि दादाचे दोन हप्ते आपल्याला भरावे लागतील हे सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला पत्र आलं त्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही कधी सांगता ते बघत होते.”

रविवारी मी दादाच्या गावी गेलो. कोणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आलं होतं. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचांनी पाना काढला नाही की पंपाला हात लावला नाही. बाजेवर बसून चहा घेतला आणि ट्रकची सगळी हकीकत ऐकली. मी माझी वही उघडून सांगितलं, “चाचा, तेलाचा काटा खरं बोलतो, तो विजेचा नाही. विजेचा तेवढा खोटं बोलतो, तोही दिवे लावले की.” चाचांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग क्लीनरच्या बोटाला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं.

“हे काय?”

“भाजलं. शेठनं सेल्फ मारला तेव्हा माझा हात ॲक्सिलरेटरच्या केबलवर होता.”

“गाडी थंड होती?”

“पहाटेची.”

चाचा उठले. म्हणाले, “थंड गाडीची केबल तापते कशी, साहेब? तिच्यातून करंट जातो म्हणून. आणि तिच्यातून जातो, कारण त्याचा नेहमीचा रस्ता बंद आहे.”

मग त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाडजूड वायर लावली, तिचं दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं आणि दादाला सेल्फ मारायला सांगितलं. महिनाभर दमेकऱ्यासारखं खोकणारं इंजिन अर्ध्या फेऱ्यात गर्जून उठलं. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

खाली वाकून पाहिलं तर इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी. तांब्याची वीण हिरवी पडलेली, चार-दोन तारांवर लोंबणारी, आणि तिचा बोल्ट आवळलेला होता नव्या नारिंगी रंगावर. ज्या रंगावर भुलून आम्ही ट्रक घेतला, तो रंग विकणाऱ्यानं बोल्ट काढून खालीही मारला होता आणि पट्टी वरून बसवून दिली होती. रंगातून वीज जात नाही. सेल्फला लागतो शेकड्यांनी करंट. तो पुरा मिळेना, म्हणून इंजिन हळू फिरे. हळू फिरलं की दाबलेली हवा फटींतून निसटते, उरलेलीची ऊब थंड लोखंड पिऊन टाकतं, आणि डिझेल पेटायला जी काय पाचेकशे अंशांची धग हवी ती येत नाही. रात्री दिवे लावले की त्यांचा करंटही आल्टर्नेटरकडे परतायला हीच मोडकी वाट शोधी, आणि तापमानाच्या काट्याचं मोजमाप इंजिनाच्या लोखंडावरच अवलंबून, म्हणून तो भलतंच सांगे. इंजिन तापतच नव्हतं. ताळेबंदात दोन ठिकाणी फरक दिसतो आणि चूक एकाच नोंदीत असते, तशातली गत. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

चाचांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडला, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला. खर्च इतका किरकोळ, की नव्या बॅटरीच्या, रेडिएटरच्या आणि फेकलेल्या थर्मोस्टॅटच्या पावत्यांशेजारी तो लिहायचीच लाज वाटली. थर्मोस्टॅट मात्र परत बसवा, असं त्यांनी बजावलं; त्याच्याशिवाय इंजिन पुरतं गरम होत नाही. तिन्हीसांजेला दादानं हेडलाइट लावले आणि आम्ही सातजण केबिनमध्ये माना घालून तापमानाच्या काट्याकडे पाहत राहिलो. काटा हलला नाही. मी डोक्यावर टोपी असती तर काढली असती.

“आणि डिझेलचा काटा, चाचा? तो अर्ध्यावरच आहे.”

“ती वेगळी भानगड,” चाचा म्हणाले. “टाकीतला फ्लोट अडकलाय. टाकी उतरवावी लागेल.”

टाकी अजून उतरवलेली नाही. दादा बांबूची एक काठी टाकीत बुडवून पाहतो. तिच्यावर त्यानं चाकूनं खुणा केल्या आहेत. परवा आला होता, हप्ता भरून. चहा पिता पिता खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. मागच्या चार टायरांसाठी पतसंस्था थोडं कर्ज देते म्हणाला. मी कागद उलगडला. ‘जामीनदार क्र. १’ ह्या शब्दांपुढची जागा त्यानं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, म्हणजे मला शोधावी लागू नये.

आमची मंडळी आतून म्हणाली, “आधी काठी घालून बघा म्हणावं.”